ताश्कंद : सोव्हिएत खुणांमागे चार तासांची पायपीट

अनवाणी (धागाकर्ती)

ऑक्टोबरात आम्ही दोघं उझबेकिस्तानला जाऊन आलो. समरकंद-बुखाऱ्यावर इथे आधीच दोन-तीन धागे आहेत, निळे घुमट सगळ्यांचे पाहून झालेत, ते परत उगाळत नाही. ताश्कंदला बहुतेक मंडळी एक रात्र झोपायला थांबतात आणि सकाळच्या गाडीने पुढे पळतात. आमचाही बेत तसाच होता. पण निघताना सासरे म्हणाले, "ताश्कंदला जाताच आहात तर शास्त्रीजींना नमस्कार करून या." ऐंशी ओलांडलेल्या माणसाचा शब्द कोण मोडणार? एक दिवस वाढवला.

शास्त्रीजींचा अर्धपुतळा त्यांच्याच नावाच्या रस्त्यावर आहे. पोचलो त्या संध्याकाळीच टॅक्सीने गेलो. आम्ही हिंदुस्थानी म्हटल्यावर टॅक्सीवाल्याने राज कपूर, मिथुन अशी उजळणी केली, पण शास्त्री म्हणजे त्याच्या लेखी फक्त रस्ता. नमस्कार केला, सासऱ्यांना व्हिडिओ कॉल लावला, त्यांनी तिकडून हात जोडले. पंधरा मिनिटांत काम संपलं.

मग हाताशी अख्खा दिवस. हॉटेलच्या काउंटरवर 'सोव्हिएत ताश्कंद, पायी' असा एक कागद होता. नवरा म्हणाला, सिमेंटच्या इमारती बघायला पैसे द्यायचे? मी म्हटलं, दे. (हे वाक्य पुढे चार दिवस मी त्याला ऐकवलं.)

आठ जणांचा गट. गाईड साठीकडे झुकलेल्या बाई, आधी शाळेत भूगोल शिकवायच्या. तिकडे मोठ्या बहिणीला 'ओपा' म्हणतात, दहा मिनिटांत सगळा गट त्यांना ओपाच म्हणायला लागला. हातात प्लास्टिकच्या कव्हरात घातलेले जुने फोटो. कुठेही पोचलं की आधी फोटो दाखवायच्या आणि मग समोर बोट करायच्या, वर्गात नकाशा दाखवावा तसं.

सुरुवात अमीर तैमूर चौकातून. चौक तोच, पुतळे येऊन-जाऊन. झारच्या काळात सेनापती काउफमन, नंतर स्टालिन, १९६८ मध्ये कार्ल मार्क्सचं दाढीवालं डोकं, आणि १९९३ पासून घोड्यावर बसलेला तैमूर. ओपांना यांपैकी कुणाचंच सोयरसुतक नव्हतं. त्यांचा राग झाडांचा होता. २००९ मध्ये या चौकातले जुने, डेरेदार चिनार एकाएकी तोडून टाकले. "पुतळा परत बसवता येतो," एवढंच म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

चौकाच्या कडेला हॉटेल उझबेकिस्तान. १९७४ चं, सतरा मजली, उघडून उभ्या ठेवलेल्या पुस्तकासारखं. दर्शनी भाग सगळा जाळीचा. या जाळीला ते 'पंजरा' म्हणतात, आणि एकदा ती ओळखायला शिकलं की शहरभर तीच दिसत राहते. मॉस्कोतल्यासारखी काचेची सपाट इमारत इथे उभी केली तर उन्हाळ्यात आतल्या माणसाचं भरीत होईल. म्हणून इथल्या वास्तुरचनाकारांनी जुन्या घरांच्या खिडक्यांतली नक्षीदार जाळी उचलली आणि सिमेंटमध्ये ओतून आठ-दहा मजले चढवली. सोव्हिएत इमारत म्हणजे ठोकळा, ही माझी समजूत तिथेच अर्धी गळून पडली.

पुढे नवोई नाट्यगृह. याचा वास्तुकार शुसेव, म्हणजे ज्याने मॉस्कोत लेनिनची समाधी बांधली तोच. १९४७ साली पुरं झालं, आणि बांधकामावर राबले ते जपानी युद्धकैदी. त्यांच्या स्मरणाची पाटी भिंतीवर आहे. १९६६ च्या भूकंपात हे नाट्यगृह टिकलं, त्यामुळे जपान्यांच्या कामाबद्दल गावात आजही आदराने बोलतात.

लेनिनचं संग्रहालय आता देशाच्या इतिहासाचं संग्रहालय झालंय. लेनिनच्या जन्मशताब्दीला, १९७० मध्ये बांधलेला पांढरा चौकोनी ठोकळा, वर संगमरवरी पंजरा. आत गेलो नाही. मोठ्या चौकातला लेनिनचा अजस्र पुतळा १९९२ मध्ये उतरवला. चबुतरा मात्र ठेवला आणि त्यावर पृथ्वीचा गोल बसवला. त्या गोलावर उझबेकिस्तान चांगला ऐसपैस आहे. आमच्या गटातला एक रशियन मुलगा गोलावर आपला देश शोधत होता. ओपा म्हणाल्या, "शोधू नकोस, दमशील."

इथवर मी मजेत होते. मग आलं 'धैर्याचं स्मारक'.

२६ एप्रिल १९६६, पहाटे ५ वाजून २३ मिनिटं. भूकंपाचं केंद्र थेट शहराच्या पोटाखाली, आणि फार खोलही नाही, त्यामुळे हादरे खालून वर आले. मातीच्या विटांचं जुनं ताश्कंद उभं-आडवं चिरलं. मृतांचा सरकारी आकडा अगदी लहान होता, पण बेघर झाले जवळजवळ तीन लाख. स्मारक म्हणजे काळसर दगडाचा एक ठोकळा, मधोमध फुटलेला. एका बाजूला घड्याळ, त्यावर ती वेळ, दुसऱ्या बाजूला तारीख. फुटलेल्या दगडातली भेग खाली फरशीवर उतरते आणि तशीच सरपटत जाऊन एका कुटुंबाच्या पायांशी पोचते. ब्राँझमधला पुरुष छाती पुढे काढून उभा, मागे बाई, तिच्या कडेवर पोर, आणि बाईचा एक हात समोर आडवा, थांब म्हटल्यासारखा. मागे अर्धवर्तुळात शहर पुन्हा बांधणाऱ्या लोकांची शिल्पं आहेत.

मी त्या भेगेवरून चालत गेले. सगळेच जातात. आम्ही असताना एक नवं जोडपं आलं. नवरीने पांढऱ्या झग्याचा घोळ उचलून भेग ओलांडली, फुलं ठेवली, फोटो काढले आणि गेले. लग्नाच्या दिवशी इथे यायची तिकडे रीतच आहे.

ओपा त्या ठोकळ्यापाशी बसल्या आणि फोटोंचं कव्हर मिटलं. त्यांचा जन्म त्याच वर्षीच्या जूनमधला. तंबूतला. घर होतं ते मातीचं, अंगणात जर्दाळूचं झाड आणि द्राक्षाचा मांडव. पडलं नव्हतं, नुसतं तडकलं होतं. पण मोजमापवाले आले, भिंतीवर खूण केली आणि बुलडोझर आला. पुढे चिलंझार भागात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. दोन खोल्या, नळ, गॅस, घरात संडास. आई म्हणायची, माझं आयुष्य भूकंपाने सुधारलं. आजी काही त्या घरात रमली नाही. शेवटी शेजारणींनी मिळून दोन इमारतींच्या मधे मातीचा तंदूर घातला, आणि आजी मरेपर्यंत रोज तीन जिने उतरून नान भाजायला खाली यायची.

"आईला नळ मिळाला, आजीचं अंगण गेलं. तुम्ही मला विचारता, सोव्हिएत काळ चांगला की वाईट. मी कुणाच्या बाजूने बोलू?" आम्ही विचारलं नव्हतं खरं तर. पण विचारणारे भेटत असणार.

तिथे बसल्या बसल्या मी हिशेब केला. ताश्कंद करारावर सह्या झाल्या १० जानेवारी १९६६ ला, शास्त्रीजी गेले ११ च्या पहाटे. भूकंप २६ एप्रिलला. मधे जेमतेम साडेतीन महिने. म्हणजे शास्त्रीजींनी आणि त्यांच्यासोबत गेलेल्या यशवंतराव चव्हाणांनी जे ताश्कंद पाहिलं, ते त्यानंतर फार काही उरलंच नाही. सोव्हिएत पंतप्रधान कोसिजिन जानेवारीत करारासाठी आले होते आणि एप्रिलमध्ये पक्षप्रमुख ब्रेझनेवसोबत ढिगारे पाहायला. आदल्या संध्याकाळी पंधरा मिनिटांत उरकलेला नमस्कार मला तेव्हा जरा खटकला.

मग मेट्रो. १९७७ ची, मध्य आशियातली पहिली. २०१८ पर्यंत आत फोटो काढायला बंदी होती, कारण युद्ध झालंच तर हाच बाँबपासूनचा निवारा. आता सगळे कॅमेरे बाहेर काढतात, आणि त्यातच आमचा घोटाळा झाला. आलिशेर नवोई स्टेशनाच्या छताला एकामागून एक घुमट आहेत. नवरा मान वर करून त्यांचे फोटो काढत राहिला, गाडीत घोषणा झाली "एहतियोत बोलिंग, एशिकलार योपिलादी", दारं लागली, आणि तो काचेपलीकडे. त्याला उतरायच्या स्टेशनाचं नावही ठाऊक नाही. ओपा शांत. "गाडी दोन-चार मिनिटांनी असते. येतील." दोन स्टेशनं पुढे आम्ही उतरून उभे. पुढच्या गाडीतून एक रुमाल बांधलेली आजी त्याला दंडाला धरून उतरली, माझ्या ताब्यात दिलं आणि परत गाडीत चढली. हा म्हणे नुसतं "गागारिन, गागारिन" म्हणत होता. डोकं चालवलं बरं का, कारण उतरायचं होतं ते कोस्मोनावत्लार. अंतराळवीरांचं स्टेशन, १९८४ चं. भिंती निळ्या, आणि तो निळा हळूहळू काळा होत जातो, पृथ्वी सोडून वर गेल्यासारखा. त्यावर गोल चौकटींत गागारिन, तेरेश्कोवा, आणि त्यांच्याच पंक्तीला पंधराव्या शतकातला समरकंदचा खगोलवेत्ता राजा उलुगबेग! राकेश शर्माही त्याच वर्षी वर गेले होते, म्हणून शोधले, पण मला काही दिसले नाहीत.

शेवट चोरसू बाजारात. सर्कशीच्या तंबूएवढा निळ्या-हिरव्या फरशांचा घुमट, १९८० चा, मधे एकही खांब नाही. खाली मांस, वर गोल सज्जात सुकामेवा. घोड्याच्या मांसाचे सॉसेज टांगलेले पाहून नवरा वर गेला, तो खाली आलाच नाही. मी भाजी काय मिळते ते बघावं म्हणून "सब्जी?" विचारलं तर बाईने किलोभर गाजरं तोलली. त्यांच्यात सब्जी म्हणजे गाजर. पिशवीभर गाजरं घेऊन आम्ही सोव्हिएत वारसा दर्शन पूर्ण केलं.

फोटो टाकते आहे.

कंदीपेढा

मस्त लिहिलंय. फोटो दिसत नाहीयेत.

माझी आई ६८ ची, गुडघ्यांचा त्रास आहे. झेपेल का? आणि पैसे किती पडले?

अनवाणी

फोटोंचं बघते. सहा-सात किलोमीटर चाल आहे, पण सगळं सपाट. बाकं भरपूर, ओपा दर अर्ध्या तासाला बसवतात. मेट्रोच्या जिन्यांचं तेवढं बघा. पैशांचं व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंय. उन्हाळ्यात मात्र नेऊ नका. जूनच्या अखेरीपासून चाळीस दिवस तिकडे कडक उन्हाचे, त्यांना 'चिल्ला' म्हणतात. त्या दिवसांत पारा चाळीसवर जातो.

तिरकस

लेख छान, पण मेट्रोच्या वर्णनात एक स्टेशन सोयीस्करपणे गाळलंय असं वाटतं. पख्ताकोर. भिंतीभर कापसाच्या बोंडांचं मोझेक, फार सुंदर आहे म्हणतात. पख्ताकोर म्हणजे कापूस पिकवणारा. त्याच कापसापायी अमूदर्या आणि सिरदर्याचं पाणी वळवलं आणि अरल समुद्र आटवला. मुयनाक हे बंदर होतं, आता तिथे वाळूत गंजलेली जहाजं उभी आहेत. सोव्हिएत वारसा म्हणून तेही दाखवतात का या ओपा, की नुसते घुमट?

बाकी ताश्कंदशी आपलं नातं शास्त्रीजींच्याही आधीचं. १९२० मध्ये मानवेंद्रनाथ रॉय वगैरे मंडळींनी भारतीय कम्युनिस्ट पक्ष तिथेच काढला. एका पक्षाच्या मते जन्म ताश्कंदचा १९२० चा, दुसऱ्याच्या मते कानपूरचा १९२५ चा. जन्मदाखल्यावरून भावकीत भांडण असणारा हा एकमेव पक्ष असावा.

अनवाणी

तिरकसराव, गाळलं नाही, धागा लांबला म्हणून राहिलं. पख्ताकोरला आम्ही गाडी बदलली. ओपा त्या बोंडांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, शाळेत असताना दर शरदात आम्हाला वेचणीला नेत, शिक्षिका झाले तेव्हा मीच पोरं घेऊन गेले. मग हात पुढे करून दाखवले. काही जखमा वगैरे नव्हत्या, साधे हात. पण मोझेकमधली बोंडं गोल गुळगुळीत आहेत, आणि त्यांनी बोट ठेवून सांगितलं, "खऱ्या बोंडाला इथे काटा असतो." कापूसपट्ट्यातल्या कुणाला हे वेगळं सांगायला नको.

शेवटचा_बाक

ताश्कंद म्हटलं की एकच प्रश्न. शास्त्रीजींचं नक्की काय झालं? त्या रात्री

कंदीपेढा

वेगळा धागा काढा ना त्याला. आधीचे तीन कुलूपबंद झालेत.

शेवटचा_बाक

ओके. वाचतोय.

जुनापवईकर

सोव्हिएत वारसा बघायला ताश्कंदला जायचीही गरज नाही. आमची पवईची संस्था, म्हणजे आयआयटी, १९५८ मध्ये उभी राहिली ती युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत मदतीवर. यंत्रं तिकडची, सुरुवातीचे तज्ज्ञ तिकडचे. आमच्या वेळेपर्यंत एका प्रयोगशाळेत रशियन अक्षरांच्या पाटीचं अगडबंब यंत्र होतं. चालू करायचं बटण कोणतं ते सगळ्यांना पाठ, बाकीची बटणं कशाची ते कुणालाच माहीत नाही. पण बंद कधी पडलं नाही.

आणि घरी ती सोव्हिएत पुस्तकं. लोकवाङ्मय गृहात मिळायची, जाड कागद, मजबूत बांधणी, किंमत नावापुरती. माझ्या पिढीतल्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांत पोरांना बर्फ पहिल्यांदा दिसला तो त्या पुस्तकांतल्या चित्रांत.

उमरग्याची

हा धागा वाचून काल रात्री झोप आली नाही, म्हणून लिहितेय. एरवी मी इथे वाचनमात्र असते.

किल्लारीच्या भूकंपाला मी सहावीत होते. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. आमच्याकडे मेलेली माणसं हजारांत. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं ओझं असलेलं माळवद, माणूस खालून निघणं शक्य नव्हतं. त्यामुळे ताश्कंदची आणि आमची बरोबरी मी करत नाही. पण ओपांची आजी मला ओळखीची वाटली.

बावन्न गावं उठवून नव्या जागी वसवली. देणगीदारांनी, संस्थांनी, सरकारने मिळून. घरं पक्की झाली, त्याबद्दल उपकारच आहेत. पण रस्ते फूटपट्टीने आखलेले, घरांमधे ही एवढी मोकळी जागा. माझी आई जुन्या गावात ओसरीवर बसून चार घरच्या बायांशी बोलत भाकरीचं पीठ मळायची. नव्या गावात शेजारणीला हाक मारायची तर घसा ताणावा लागायचा. मग बोलणंच कमी झालं. आमच्याकडे कुणी मधे तंदूर घातला नाही.

पंजरा म्हणजे आपला पंजर, पिंजराच का हो?

तिरकस

ध्वनी जुळला म्हणून शब्द एकच असं नसतं. पण फारसीत 'पंजरा' म्हणजे खिडकी, एवढं खरं.

(तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. लिहीत जा.)

रंगीतखडू

व्यवसायाने वास्तुरचनाकार आहे, ताश्कंद दोनदा पाहिलंय, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

उमरग्याची, तुम्ही म्हणता तोच प्रश्न तिथल्या एका बाईंनी सोडवायचा प्रयत्न केला होता. ओफेलिया आयदिनोवा. त्यांची 'झेमचूग' नावाची सोळा मजली इमारत आहे, झेमचूग म्हणजे मोती. १९८५ ची. त्यात दर तीन मजल्यांना मिळून एक उघडं अंगण ठेवलंय, वर हवेत. तिथल्या वस्तीला 'महल्ला' म्हणतात, आपल्या मोहल्ल्यासारखंच. तो महल्ला उभा करून बघितला म्हणा ना. मी गेलो तेव्हा त्या अंगणात सायकली, वाळत घातलेले कपडे, आणि दोन म्हातारे पटावर काहीतरी खेळत होते. शहरभर अशी पन्नास घरं झाली असती तर ओपांच्या आजीला तीन जिने उतरावे लागले नसते. पण झाली ती एवढीच, कारण घरं भराभर हवी होती आणि ती कारखान्यात भिंती ओतूनच होणार होती.

या ओतीव भिंतींबद्दल. भूकंपानंतर सगळ्या सोव्हिएत प्रजासत्ताकांतून बांधकामाचे जथे आले, कुणी युक्रेनचे, कुणी बाल्टिकचे, आणि त्यांनी वस्त्याच्या वस्त्या उभारल्या. भिंती कारखान्यातून ट्रकवर, क्रेनने उचलायच्या, जोडायच्या. घर म्हणून कंटाळवाणंच काम. पण कडेच्या, बिनखिडकीच्या भिंती झार्स्की बंधूंच्या हाती लागल्या. त्यांनी त्यांवर मोझेक केली, मोर, सूर्य, डाळिंबं, नक्षीचे गालिचे. गंमत अशी की मोझेकही कारखान्यातच भिंतीच्या तुकड्यावर लागायचं आणि मग तुकडा वर चढायचा. नीट पाहिलं तर मोराच्या मानेतून भिंतीचा सांधा गेलेला दिसतो.

आता काळजीची गोष्ट. या सगळ्याला 'वारसा' म्हणायची सवय तिकडेही नवीच आहे. २०१७ मध्ये 'दोम किनो' हे चित्रपटगृह पाडलं, नव्या चकचकीत व्यापारी संकुलासाठी. १९८२ ची इमारत, आणि ज्या शहरात १९६८ पासून आशिया-आफ्रिकेच्या चित्रपटांचा महोत्सव भरायचा, आपले नट-नट्या तिथे मिरवून यायचे, तिथली. लोक चिडले, आरडाओरडा झाला, पण इमारत गेलीच. आता ताश्कंदची ही आधुनिक वास्तुरचना युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. ज्यांना बघायचं आहे त्यांनी यादीच्या भरवशावर थांबू नये.

अनवाणी

झेमचूग आमच्या फेरीत नव्हती! आता नवरा म्हणतोय, परत जाऊ. सिमेंटच्या इमारती बघायला पैसे द्यायचे का, हे मी विचारणार आहे.

जुनापवईकर

रंगीतखडू, एक शंका. दुसऱ्या देशातून जथे येऊन शहर बांधतात याला मैत्री म्हणायचं की ताबा? आम्हाला त्या वयात मैत्रीच वाटायची.

रंगीतखडू

बांधायला आलेल्यांपैकी अनेक परत गेलेच नाहीत, नव्या घरांत तेच राहिले. काही उझबेक लोक हे आजही कुरकुरत सांगतात. आणि शोमहमूदोव कुटुंबाचं स्मारकही तिथेच आहे. लोहार नवरा आणि त्याची बायको, दुसऱ्या महायुद्धात रशिया-युक्रेनकडून आलेली चौदा-पंधरा अनाथ पोरं सांभाळली. ते स्मारक 'लोकमैत्री' चौकातून २००८ मध्ये उचलून गावाबाहेर नेलं, चौकाचं नावही बदललं. सरकार बदलल्यावर स्मारक परत आलं, नावही परत आलं. मैत्री की ताबा, हे त्यांचंच अजून ठरतंय, मी काय सांगू.

चिलंझारचा_डॉक्टर

नमस्कार. मी मूळचा नांदेडचा, ताश्कंदमध्ये वैद्यकीयच्या चौथ्या वर्षाला आहे. इथे मराठी पोरं भरपूर आहेत, आमच्या मजल्यावर दोन लातूरकर आणि एक अकोल्याचा. आईने हा धागा पाठवला, "तू राहतोस तेच ना रे चिलंझार?" म्हणून.

राहतो तेच. तिसरा मजला नाही, चौथा. दोन खोल्या, चौघं जण. भिंतीला खिळा ठोकता येत नाही, ड्रिल लागतं. हिवाळ्यात मात्र शहराच्या मधल्या बॉयलरमधून गरम पाण्याचे नळ घरोघर फिरवलेत. कधी चालू करायचे ते सरकार ठरवतं, चालू झाले की खिडकी उघडून झोपावं लागतं. तंदूर आमच्या दोन इमारती सोडून पुढे आहे, अजून चालू. सकाळी सहाला नान गरम मिळतं, आम्ही त्यात तूप-साखर घालून खातो.

अनवाणी

अरे वा! तूप-साखर नान! एक काम करशील? तुझ्या इमारतीच्या कडेच्या भिंतीवर चित्र आहे का ते बघून सांग ना.

चिलंझारचा_डॉक्टर

नाहीये काकू. साधी भिंत आहे.

चिलंझारचा_डॉक्टर

सॉरी, आहे. तीन वर्षं राहतोय आणि बघितलंच नव्हतं, कारण आमचा जिना दुसऱ्या बाजूला आहे. आत्ता खाली उतरून मागे जाऊन आलो. वरपासून खालपर्यंत डाळिंबाचं झाड आहे, लाल आणि निळसर तुकड्यांचं. अर्धं लोकांच्या एसीच्या डब्यांनी झाकलंय. खालून मोजली तर अकरा डाळिंबं दिसली, एक मधोमध चिरलेलं, दाण्यांसकट. भिंतींचे सांधे दिसतात, रंगीतखडू सर म्हणाले तसे. एक सांधा त्या चिरलेल्या डाळिंबातूनच गेलाय.

शेजारच्या आजी विचारत होत्या काय बघतोस. मी वर बोट दाखवलं तर म्हणाल्या, बारा आहेत, एक माझ्या एसीमागे आहे.

फोटो जोडतोय.

कंदीपेढा

फोटो दिसत नाहीये.